ओले बूट बाहेर

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तसा माझ्या कुठल्याच बोलण्यावर बसत नाही. जन्मभर शिंपीकाम केलं. कापड बेतताना चार बोटं माया जास्त सोडायची हाताला सवय, तीच जिभेलाही लागली. आमच्या गल्लीत म्हणतात, शिंपीबुवा नाग दिसला म्हणाले की समजावं, गांडूळ होतं.

पण ही गोष्ट खरी आहे.

माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेली. वादळाच्या एका संध्याकाळी, पाण्याकाठच्या त्याच्या वडिलांच्या घरी, दाराच्या या बाजूला आणि त्या बाजूला.

साक्षीला माझी बायको आहे. मी लिहितो ती ओळ मोठ्याने वाचतो, आणि ही समोर बसून जुन्या शर्टांची बटणं उसवते आहे. एरवी हा किस्सा शेवटाकडे आला की ही काहीतरी निमित्त काढून आत जाते.

आज बसली आहे. चुकलो तर बोलेलच.

तर ऐका.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. धंदा कुलपांचा. हाताला कायम तेलाचा वास, आणि बोलण्यात कायम नवीन काहीतरी. आधी साधी कुलपं विकायचा, किल्ल्या घासून द्यायचा. मग ती बिनतारी कुलपं आली. अंगठा टेकवला की उघडतात, फोनवरून उघडतात, दार उघडलं-मिटलं की फोनवर टिंग करून कळवतात. मेहुण्याला वेडच लागलं. म्हणायचा, "भाऊजी, किल्ली म्हणजे आता तुमच्या पायाने चालवायच्या मशीनसारखी. मायेने ठेवायची, वापरायची नाही."

त्याच्या बाबांचं घर रस्त्याच्या अगदी शेवटी. पुढे दगडी धक्का, आणि मग पाणी. घराला एकच दार, त्याचं तोंड थेट पाण्याकडे. वर छप्पर नाही, बाजूला आडोसा नाही. मागे टेकाड. खिडक्यांना गज. वारा सुटला की सगळ्यात आधी तो त्या दारावर येऊन थोबाडीत मारायचा.

बाबांनी उमेदीची सगळी वर्षं तरीवर, म्हणजे माणसं पैलतीरी नेणाऱ्या होडीवर, दोर ओढण्यात घालवली होती. तरी बंद झाली, होडी विकली गेली, पण दिवस कलला की बाबा रबरी बूट चढवून धक्क्यावर जायचे. होडीचा दोर नीट बांधलाय का, ते बघायला.

होडी नव्हती. दोरही नव्हता.

आई होती तोवर काळजी नव्हती. ती दारात उभी राहून हाक मारायची, आणि बाबा मुकाट परत यायचे. त्या बाईचा घरात एकच कायदा. पाहुणा असो, नाहीतर साक्षात जावई असो, उंबऱ्यापाशी आवाज यायचा, "ओले बूट बाहेर." मी स्वतः लग्नानंतर पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझं स्वागत याच शब्दांनी झालं होतं.

आई गेली. मग बाबा बुटांसकट चिखल घेऊन घरात फिरायला लागले. कुणी बोलायचं?

आणि किल्ल्या हरवायला लागले. एक पाण्यात गेली. एक सापडली ती त्यांच्याच कानटोपीत. एकदा भर पावसात किल्लीशिवाय दाराबाहेर उभे राहिले. शेजारच्या कोळ्याने पाहिलं म्हणून निभावलं. ताप आला, छाती भरली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं भिजले तर मी काही सांगू शकत नाही.

मेहुण्याने त्याच दिवशी ठरवलं.

"ताई, किल्ली हरवते. अंगठा हरवतो का?"

ही म्हणाली, "आपल्या बाबांचा हरवेलही."

बाहेरच्या दाराला लावायचं, पावसापाण्याला टिकणारं कुलूप मागवावं लागणार होतं. यायला वेळ होता. मेहुण्याच्या दुकानात होतं ते वेगळं. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेलं होतं, फक्त आतल्या किंवा छपराखालच्या दारासाठी.

पण आभाळ थांबणार होतं थोडंच? त्याने तेच लावलं.

लावताना वर पत्र्याची छोटी टोपी बसवली. मग ट्यूबमधला चिकट मसाला पिळून कुलपाच्या चारही कडा बुजवून टाकल्या. आता धंद्यातला नियम त्याला ठाऊक होता. वरून झाकावं, खालून श्वास घेऊ द्यावा. खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, आत गेलेलं पाणी निथळायला. त्याच्याच शेजारी धातूच्या दोन टिकल्या असतात. आतली बॅटरी संपून कुलूप मेलं, तर त्या टिकल्यांना बाहेरून चौकोनी बॅटरी टेकवायची, की कुलूप घटकाभर जागं होतं.

मेहुण्याने भोकही बुजवलं. टिकल्याही.

बाबांच्या काळजीने माणसाचा हात जरा जास्तच चालला.

मग अंगठा ओळखवायचं काम. बाबांच्या अंगठ्यावरच्या रेघा दोरांनी कधीच खाऊन टाकलेल्या. कुलपात एका बाईचा गोड आवाज होता. ती म्हणे, "अंगठा ओळखला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." बाबा पुन्हा टेकवायचे. ती पुन्हा तेच. शेवटी बाबा हात जोडून म्हणाले, "अगं बाई, मी इथेच राहतो."

कसंबसं जमलं. "या, दार उघडलं आहे," ती म्हणाली. बाबा लाजले.

कुलपात एवढीच वाक्यं होती. ही दोन, आणि तिसरं, "दार बंद झालं."

लक्षात ठेवा. तीनच.

दिवसभर बाबांना सांभाळायला एक बाई यायची. तोंडाने फटकळ, हाताने प्रेमळ. आई गेल्यावर ठेवलेली. आईला तिने पाहिलेलं नव्हतं, आईचा आवाज ऐकलेला नव्हता.

पाऊस सुरू झाला, आणि पहिल्याच संध्याकाळी मेहुण्याचा फोन वाजला…

टिंग. दार उघडलं.

त्याने लगेच बाईला फोन लावला. "बाबा बाहेर पडले का?"

"नाही हो. खुर्चीत बसलेत. माझ्या समोर."

"दार?"

"बंद आहे."

"मग उघडलं कुणी?"

"मला काय विचारता? तुमच्या कुलपाला विचारा. तेच शहाणं आहे घरात."

मेहुणा हसला. पाणी शिरलं असेल, म्हणाला. ओलीने असे खेळ होतात.

दुसऱ्या पावसात पुन्हा. तिसऱ्या पावसातही. दर वेळी दिवस कलताना. दर वेळी बाबा आत, दार बंद.

फक्त एक होतं. बाई म्हणाली, उंबऱ्याच्या आत थोडं पाणी असतं. कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं.

मग एक दिवस बाई सरळ दुकानात आली. छत्री गळत होती, आणि चेहरा कसनुसा झालेला.

"मी उद्यापासून येणार नाही."

"काय झालं? बाबा काही बोलले?"

"ते बिचारे काय बोलणार. कुलूप बोललं."

"अहो, ते बोलतंच."

"मी भाजी घेऊन आले. अंगठा लावला. तर आतून…" ती थांबली. "आवाज घोगरा. पाणी भरल्यासारखा. म्हणालं, ओले बूट बाहेर. मी म्हटलं, बूट? माझ्या पायात चप्पल. तर पुन्हा तेच. जरा चढ्या आवाजात."

मेहुण्याच्या हातातली कानस खाली पडली.

"त्यात तीनच वाक्यं आहेत, बाई."

"मग हे चौथं." तिने छत्री मिटली, पुन्हा उघडली. "माणसाचे चार शब्द ऐकून घेते मी. कुलपाचं नाही. बाबांचं जेवण झाकून ठेवलंय. जा तुम्ही."

मेहुणा गेला.

पाऊस थांबला होता. पाणी शिशासारखं जड दिसत होतं. आणि दाराबाहेर…

बाबांचे रबरी बूट.

शेजारी शेजारी. टाचा भिंतीला. टोकं पाण्याकडे. आई ठेवायची तसे.

आई गेल्यापासून बाबांनी एकदाही बूट बाहेर काढले नव्हते.

तो आत गेला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पायात नुसते मोजे घालून बसले होते.

"बाबा, बूट बाहेर कसे?"

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू मुलगा बहिरा झालाय.

"तू नाही ऐकलंस? ओरडली ना ती."

मेहुण्याने वाद घातला नाही. त्याने आतल्या बाजूने कुलपाचं झाकण काढलं. भळभळ पाणी आलं. खालचं भोक बुजवलेलं, पाणी जाणार कुठे? डबकंच झालं होतं आत. त्याने बॅटऱ्या काढल्या, पुसल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या.

कुलूप मेलं. टिकटिक नाही, दिवा नाही.

आता दुकानातून जुनं, साधं, किल्लीचं कुलूप आणायचं आणि हे उपटून फेकायचं, असं त्याने ठरवलं. पण तोवर दार मिटून चालणार नव्हतं. मिटलं की खटका आपोआप बसणार, आणि बॅटरीशिवाय बाहेरून ते कुणाच्या बापाला उघडणार नाही. बाबा बाहेर गेले तर बाहेरच राहतील.

म्हणून त्याने दार किलकिलं ठेवलं. मध्ये पुठ्ठ्याची जाड घडी अडकवली.

पुठ्ठा कुठला? त्याच कुलपाच्या खोक्याचा.

"बाबा, माझ्याबरोबर गाडीत चला."

"दोर बघायचाय."

"दोर मी बघतो. तुम्ही घराबाहेर पडू नका. मी गेलो आणि आलो."

"तुझी आई आहे ना," बाबा म्हणाले. "जा तू."

दुकान फार लांब नव्हतं. पण जुनं कुलूप सापडेना. नव्या मालाच्या ढिगाखाली गेलेलं. तो खोकी उपसत होता, आणि बाहेर अंधारून आलं. आधी वारा. मग समोरच्या पाटीचा धडाधड आवाज. मग पाऊस, आडवा.

त्याच्या मनात आलं…

पुठ्ठा भिजेल.

आणि फोन वाजला. टिंग.

दार उघडलं.

त्याने खिशाला हात लावला. बॅटऱ्या तिथेच होत्या. त्याच्या अंगाच्या उबेने कोमट झालेल्या.

टिंग.

दार बंद झालं.

त्याने दुकान तसंच टाकलं. गाडी काढता काढता हिला फोन केला. "ताई, घरी ये. बाबांकडे. आत्ता ये." बाकी काही बोलला नाही.

घरापाशी पोचला तेव्हा धक्का आणि पाणी यांच्यातली रेघ दिसत नव्हती. लाटा रस्त्यावर येत होत्या.

दार गच्च मिटलेलं.

उंबऱ्यावर पुठ्ठ्याचा लगदा.

आणि दाराबाहेर बूट. शेजारी शेजारी.

"बाबा," त्याने दार ठोकलं. "बाबा, आतून उघडा."

काही नाही.

खिडकीतून आत काळोख. काचेवरून पाण्याचे ओघळ. खुर्ची कुठे आणि भिंत कुठे, कळेना.

तो स्वतःला समजावत होता. बूट बाहेर, म्हणजे बाबा आत. बूट काढून ते आत गेले, आणि मागून वाऱ्याने दार मिटलं. एवढंच. बूट बाहेर म्हणजे बाबा आत.

पण मग ते ओ का देत नाहीत?

आणि बाबा आत नसतील तर… त्याने मागे वळून पाण्याकडे पाहिलं नाही. मान वळेचना.

गाडीत चौकोनी बॅटरी होती. ती आणली. गुडघ्यावर बसला आणि चाकूने कुलपाखालचा मसाला खरवडायला लागला. टिकल्या त्याखाली होत्या. त्यानेच बुजवलेल्या. इतक्या मन लावून बुजवलेल्या, की मसाला रबरासारखा ताणला जायचा आणि तुटायचा नाही. चाकू सटकला, बोट कापलं. रक्त आणि पाऊस एकत्र वाहायला लागले. तो खरवडत राहिला.

तोंडाने चाललेलं, "उघड. उघड गं."

कुणाला म्हणत होता, त्यालाच ठाऊक नाही.

एक टिकली दिसली. दुसरी अजून मसाल्याखालीच. त्याने बॅटरी उचलली. अजून टेकवलीही नव्हती…

कुलपात खर्रर्र झालं.

घसा साफ करावा तसं.

आणि आवाज आला. घोगरा. ओला. कपाळावर बोट टेकवून बोलावं इतक्या जवळून.

"ओले बूट बाहेर."

मेहुणा चाळिशीचा माणूस. हाताखाली कामगार असलेला. तो त्या धो धो पावसात गुडघ्यांवरून उठला. बुटाची नाडी सुटेना, गाठ भिजून आवळलेली. दातांनी सोडवली. एक बूट काढला. दुसरा काढला. बाबांच्या बुटांशेजारी ठेवले. टाचा भिंतीला, टोकं पाण्याकडे.

मग तो अनवाणी उभा राहिला. लहानपणी शाळेतून भिजून आल्यावर राहायचा तसा.

कुलपाची मोटर फिरली. घर्रर्र.

खिशात बॅटऱ्या. हातात चौकोनी बॅटरी. कुठेच काही जोडलेलं नव्हतं.

दार उघडलं.

आत… खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते.

कोरडे ठणठणीत. केसांवर पाण्याचा थेंब नाही. मांडीवर टॉवेल, घडी घातलेला.

"इतका वेळ कुठे होतास?" बाबा म्हणाले. "तुझ्या आईने मला केव्हाच आत घेतलं."

मेहुणा त्यांच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. थोड्या वेळाने ही पोचली, मागून मी पोचलो. दिवे लावले, चहा केला. बाबांनी दोन कप घेतले. त्यानंतर कित्येक वर्षं बाबा आमच्याकडे होते. खाऊन पिऊन सुखी. शेवटी अंथरुणात, सगळ्यांना डोळे भरून बघून, शांतपणे गेले.

ही झाली गोष्ट.

कुलूप मेहुण्याने त्याच आठवड्यात उपटलं. फेकवेना म्हणून माझ्याकडे दिलं. माझ्या कपाटाच्या खणात आहे, अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं. बॅटऱ्या नाहीत. तरी पाऊस लागला की कधी कधी दिवस कलताना त्या खणातून खर्रर्र होतं. मी मशीन जोरात चालवतो, म्हणजे ऐकू येत नाही.

एकच गोष्ट मला कळत नाही.

ते घर आता रिकामं आहे. पण वादळ आलं की मेहुणा कामधंदा सोडून तिकडे जातो. दार सताड उघडतो. उंबऱ्यात अनवाणी बसून राहतो, पाण्याकडे बघत. घरभर पाऊस येतो, तरी दार लावत नाही. मी विचारलं, अरे, आता कशाला? विषय बदलतो.

आमच्याकडे आला की मात्र मला हाच किस्सा सांगायला लावतो. मान खाली घालून ऐकतो. संपला की म्हणतो, "भाऊजी, शेवट पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगतो. टॉवेलची घडी. दोन कप चहा. सगळं.

इथवर वाचून मी चष्मा काढला. समोर बटणं उसवणारा हात थांबलेला होता.

"खोटं," ही म्हणाली.

"अगं, काय खोटं? कुलूप बोललं ते—"

"कुलूप बोललं असेल. बाईला ते शब्द ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. दार आपोआप उघडलं म्हणून धाकटा अजून शपथ घेतो, तेही असेल. बूट मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. दोघांचेही."

तिने कात्री खाली ठेवली.

"पण बाबा खुर्चीत नव्हते. घरात कुठेच नव्हते, नंतरही सापडले नाहीत. पुढचं सगळं तुम्ही जोडता. दर वेळी."

बाहेर वारा उठत होता.

"खुर्ची रिकामी होती," ही म्हणाली. "ओलीचिंब होती. पण रिकामी."